वावरातली प्रार्थना

राजूच्या बापाला माती देऊन आलो त्या संध्याकाळी घरात शेजारणींनी आणलेल्या भाकरी होत्या, बेसन होतं, खायला माणसं होती. जेवणाची प्रार्थना म्हणणारा तेवढा नव्हता. ताटं वाढून झाली. राजू माझ्याकडे पाहे, मी सुनेकडे, रंजीता ताटाकडे. बेसनावर साय धरली. शेवटी मीच म्हटलं, "खा रे." आणि आम्ही जेवलो. आमच्या घरात प्रार्थनेवाचून खाल्लेली ती पहिली भाकर. घशाखाली गेली. बाकीच्या भाकरींसारखीच गेली.

आमचं गाव मेडशीपासून आत. गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. राजू अंगावर पीत होता तेव्हा त्याचा बाप वाशीमला कोणाच्या तरी प्रार्थनेला जाऊन बसू लागला. बसता बसता तिथलाच झाला. एक दिवस म्हणाला, "मी बाप्तिस्म्याले पाण्यात उतरून राह्यलो, तू?" मी काही देव पाहून नाही उतरली. नवरा उतरला म्हणून उतरली. पण एकदा उतरली मग पक्की राहिली. गाव बोललं. गावाहून मी जास्त बोलली. पुढं गाव थकलं. नाव त्यानं बदललं नाही. पंजाबराव होता, पंजाबरावच राहिला. म्हणे, देव मला याच नावानं ओळखते, नवीन सांगितलं तर घोळ होईल.

मसणात आमच्या माणसाला जागा नाही असं कोणी तोंडावर म्हटलं नाही. तिथं गाडत नाहीत, एवढंच म्हणाले. मग आमच्याच वावरात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली खड्डा खणला. भादवा सरत आलेला, काळी जमीन ओली. खणावं तसं खालून पाणी झिरपे. राजू नि त्याचा काका रामराव खड्ड्यात उतरून घमेल्यानं पाणी उपसत होते, दोघं ढोपरापर्यंत चिखलात. रामराव आमच्या देवाचा नाही, पण भावाच्या खड्ड्यात उतरला. पेटी खाली टेकली तेव्हा चप असा आवाज झाला. पास्टर वाशीमहून आले होते. ते म्हणाले, हा शेवट नाही बाई, प्रभू यांना उठवणार आहे. मी ऐकलं. दुसऱ्याच्या मालाचा भाव ऐकावा तसं ऐकलं.

माहेरच्या बायका बांगड्या फोडायला पुढं सरकल्या. मी म्हटलं, "हात लावशीन त मनगट मोडीन. नवरा गेला माहा, हात नाई गेले." त्या मागं सरल्या. माझी चुलत बहीण म्हणाली, "हिले काईच कसं वाटत नाई वं?"

खरं होतं. काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देते, मग गाल आपला राहत नाही, चिमटा काढा की चापट मारा. तसं सगळं अंग झालं होतं. रडूही येईना. रडणाऱ्या बायांना चहा करून देत होती मी.

पास्टर पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "प्रयागबाई, दिलं होतं त्याचे उपकार माना. इतकी वर्षं सोबत दिली. मन हलकं होईल."

"पास्टर साहेब," मी म्हटलं, "उपकार मले वाटून नाई राह्यले. वाटतीन त्या दिवशी म्हणीन. देवापुढं खोटं बोलली त मंग खरं कुठं बोलू?"

ते चहा पिऊन गेले. चांगला माणूस आहे, पण त्यांना जाताना पाहून मला बरं वाटलं.

तर घरात प्रार्थना बंद झाली. उपकार हा शब्द त्या एका माणसाचा होता. सकाळी उठला की उपकार, म्हैस व्याली की उपकार, एसटी उशिरा आली तरी आली म्हणून उपकार. घरी जेवताना त्याची प्रार्थना अगदी लहान. मीच लांबू देत नव्हती. "देवाले ऐकू येते," मी म्हणायची, "आटप, भाकर निवून राह्यली." तो हसून आमेन म्हणायचा नि हात धुतल्यासारखे चोळून ताट ओढायचा.

सोयाबीन कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. पानं गळून गेली, झाडाला नुसत्या शेंगा उरल्या, वारा आला की वावरभर खुळखुळ. आणखी दोन उन्हं लागली की शेंगा तडकणार, दाणा मातीत. नि मावळतीकडून रोज दुपारी आभाळ भरून यायचं. पाऊस पडला असता तर उभ्या शेंगांना कोंब फुटले असते. राजू रोज धुऱ्यावर उभा राहून आभाळ पाही, मग माझ्याकडे पाही. मी म्हटलं, "माह्या तोंडावर काय लिहिलं हाय? रुपाबाईले सांगून ये."

रुपाबाई तांड्यावरची. दरसालची सोंगणी, म्हणजे कापणी, तिच्याच बायांची. अंगानं वाळलेली, गुडघ्यांनी वाकलेली, पण इळा हातात आला की तिच्या मागं तरण्या पोरी धापा टाकतात. आमच्या वावरात सहा ओळी सोयाबीनच्या नि एक तुरीची असं पेरलेलं. तुरीला धक्का न लावता सोयाबीन सोंगायचं म्हणजे नजर पक्की लागते. नव्या बाया तूर कापून ठेवतात. रुपाबाईच्या बाया नाही.

आजवर माझं काम घरचं. भाकरी बाया आपापल्या फडक्यात बांधून आणतात, भाजी मालकाची, अशी इकडची रीत. मी घरी भाजी करायची, राजूचा बाप भाजीचा गंज सायकलला बांधून वावरात न्यायचा, बायांसंगच जेवायचा. जेवणाच्या वेळी मी वावरात कधी नसायची. यंदा मी गंज घेऊन गेली. राजूच्या मोटरसायकलवर मागं बसून, गंज मांडीवर. झाकणातून वाफ पोटाला लागत होती. कपडा जळाला असता तरी कळलं नसतं.

बाया पळसाखाली ओळीनं बसल्या होत्या. हाताला गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या, शेंगांच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं धुतली, भाकरी उघडल्या. मी भाजी वाढली. कोणी घास तोडेना. पदर डोक्यावर सारखे करून, हात मांडीत घेऊन सगळ्या बसून राहिल्या.

"काय पाहून राह्यल्या? खा ना."

रुपाबाई म्हणाली, "बाबा म्हणत होते थे?"

"बाबा गेले ना आता. कोन म्हणीन?"

"हाव," ती म्हणाली. मग एकेकीनं माझ्याकडे जराशी पाठ केली नि खायला सुरुवात केली. चोरून खावं तसं. मी रागानं दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे निंब होता, निंबाखाली तो होता.

त्याच दुपारी झमकाबाईच्या बोटाला इळा लागला. झमकाबाई रुपाबाईची जाऊ, सोंगणीत जन्म गेलेली. मोठी जखम नव्हती, पण रक्त थांबेना. शेंगांवर लाल थेंब पडत गेले. पदराची पट्टी फाडून बांधली, वर हळद. पोरी इळे खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्या वावरात इळा लागला नाई कधी," रुपाबाई म्हणाली.

"इळा हाय तो. भाकर थोडीच हाय? लागीनच."

"नाई बाई. तिकडं रामराव भाऊच्या वावरात लागते, मेडशीच्या वावरात लागते. अथी नाई लागला."

दिवस मावळायच्या आतच बायांनी इळे गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पण वावरात उतरल्या नाहीत. भाकरीची फडकी पळसाला टांगली नि धुऱ्यावर बसल्या. रुपाबाई उभी राहिली. मी गंज घेऊन सकाळीच गेली होती, राजू पोती अंथरत होता.

"कामाले लागा," मी म्हटलं. "आभाळ पाहून राह्यल्या ना?"

"पाहून राह्यलो. बाई, वावराचा मान हाय तो. बाबा दरसाल म्हणत. एक दिवस नाई म्हणलं त बोट कापलं. आज गळा कापीन कोनाचा. आधी थे म्हणा, मंग आमी आत जातो."

"अवं, मान कायचा? आमच्यात वावराले मान नसते. तो मंतर नव्हता, प्रार्थना होती. देवाचे उपकार मानत होता तो, भाकर भेटली म्हणून."

"असंन. पन म्हणा."

आता ह्या बायांना काय सांगणार? मी सांगत राहिली, त्या मान हलवत राहिल्या नि जागची एकही हलली नाही. माझ्या अंगात राग होता का? असावा. आवाज तरी रागाचा निघत होता.

"म्हणतो मी," राजू म्हणाला.

त्यानं टोपी काढली. पोरगा बापासारखाच उंच, खांद्यात जरा झुकलेला. बाया लगेच पदर घेऊन बसल्या. त्यानं डोळे मिटले. "हे आमच्या बापा," तो म्हणाला. नि तिथंच थांबला. पुन्हा म्हणाला, "आमच्या बापा." मग तो वळला नि ट्रॅक्टरच्या मागं गेला. तिकडं कॅनमधून पाणी सांडल्याचा आवाज येत राहिला बराच वेळ. मी हलली नाही. आईनं जायला पाहिजे होतं. पाय नव्हते जात.

तेवढ्यात रामराव आला. त्याचं वावर आमच्याहून लांब, रोडनं पुढं, त्याचंही सोयाबीन उभं. बायांना बसलेलं पाहून मोटरसायकल लावून खाली उतरला. रुपाबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"वैनी, एका नारळाचं काम. मी घेऊन येतो, मीच फोडतो. तुमी तिकडं तोंड करून उभ्या राहा. तुमच्या देवाले सांगू नका."

"तुह्या भावाची माती अजून बसली नाई," मी म्हटलं, "नि त्याच्याच वावरात त्याले खोटा पाडतो? पाण्यात उतरल्यापासून त्यानं एक नारळ फोडला नाई. लोकायनं वाळीत टाकलं तवा नाई, बैल मेला तवा नाई. आता थो बोलू शकत नाई त मी फोडू?"

"दादा असता त हसला असता वैनी."

हसला असता. ते मला माहीत होतं, म्हणूनच जास्त लागलं. म्हणजे लागायला पाहिजे होतं.

रामराव जरा गंभीर झाला. "हे पाहा, मी वाकडं नाई बोलत. बाया बसून राह्यल्या त तुमचंबी जाईन नि माहंबी. तुमचं नसंन जमत त सांगा, माह्या वावरात नेतो यायले. यायले घेऊन आलेली जीप रोडवर उभीच हाय. उद्या परवा तुमचं पाहू."

उद्या परवा. पश्चिमेला आभाळ निळं काळं होत होतं. राजूच्या बापानं पेरलेलं शेवटचं सोयाबीन. पेरणीचा ट्रॅक्टर त्यानं चालवला होता, मागून आणलेल्या बैलांनी डवरणी त्यानं केली होती, निंदण चाललं होतं तेव्हा ह्याच धुऱ्यावर छाती दाबत बसला होता. ते मातीत जाणार होतं, कारण घरात चार शब्द म्हणायला माणूस नव्हतं.

राजू तोंड पुसत आला. म्हणाला, "माय, पास्टरले फोन लावतो."

लावला. धुऱ्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहिलं की नेटवर्क येते. राजू ट्रॉलीत चढला, फोन मोठ्या आवाजावर करून हात पुढं धरला. बाया खालून फोनकडे तोंड करून बसल्या. रामरावसुद्धा टोपी काढून उभा राहिला. पास्टरांचा आवाज चांगला आहे, भरदार. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी लेकरे तुझ्या चरणाशी…" एवढं आलं नि कर्रर होऊन तुटलं. राजूनं पुन्हा लावला. आतून एक बाई बोलली, ज्या नंबरवर तुम्ही फोन करता आहात तो आता लागत नाही. झमकाबाईनं चिंधी बांधलेल्या हातानं तिलाही नमस्कार केला.

पोरी हसायला लागल्या. रामराव हसला. राजूही हसला, डोळे लाल तरी हसला. मी पाहत होती. माझ्या तोंडाची कातडी ताणली गेली एवढं कळलं.

"नाई जमत हे," रुपाबाई म्हणाली. "थे चांगले मानूस असतीन. पन ह्या वावराचे नाई थे. बाई, तुमी म्हणा."

"मी नाई म्हणत."

"काहून?"

"त्याच्यात उपकार म्हणा लागते. मले उपकार वाटून नाई राह्यले."

रुपाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचाही नवरा गेलेला आहे, दोन पोरं गेलेली आहेत. "वाटाचं कोन म्हणते बाई?" ती म्हणाली. "म्हणाचं हाय. पानी ओढाले जातो तवा रोज वाटते काय?"

"मले तोंडदेखलं नाई जमत रुपाबाई. सारं गाव सांगीन."

"सारं गाव सांगते," ती म्हणाली नि खाली बसली. गुडघे कडकड वाजले. "राहू द्या मंग. आमीच म्हणतो. ऐकलं त हाय इतक्या साली. झमके, कसं होतं वं?"

"मले काय माहीत? मी त भाकरीकडं पाहो."

"सगळ्याच पाहत होतो. कानं त उघडे होते ना?"

झमकाबाईनं डोकं खाजवलं. "पहिलं 'बापा' म्हणत."

"बापा, सकाळ दाखोली, उपकार," रुपाबाई म्हणाली. डोळे तिनं मिटले नाहीत, आठवणाऱ्या माणसासारखे वर लावले. "हातपाय चालून राह्यले, उपकार."

"पानी," एक पोरगी म्हणाली.

"पानी मांगून हाय. पहिले बैल."

"बैल कुठं होते? बैल इकले ना, ट्रॅक्टर आनला."

"इकले तरी म्हणत होते. इकलेल्या बैलायले जथी असतीन तथी चारा भेटू दे, म्हणत."

"हाव, हाव. मंग ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टरचं नाई म्हणत होते काई. डिझेलचं म्हणत."

राजू ट्रॉलीतून खाली उतरला नि चाकाला टेकून बसला.

त्यांचं भांडण चालू राहिलं. पाणी आधी की रुपाबाईचा गुडघा आधी. रुपाबाईचा गुडघा त्यात होता. दरसाल होता. झमकाबाईची सून पोटुशी होती तेव्हा ती होती, पोरगी झाली तेव्हा ती पोरगी आली. तांड्यावरची वीज आली होती. रामरावचं नाव निघालं तेव्हा तो दचकला. "माहं काय?"

"रामरावले अक्कल दे, म्हणत," रुपाबाई म्हणाली. "रोज."

"असं म्हणे दादा?"

"मंग म्हणत, मले दिली त्याच्याहून जरा जास्त दे."

रामरावनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली नि निंबाकडे तोंड करून उभा राहिला.

मी भाजीच्या गंजापाशी उभी होती. हे कधी म्हणत होता हा? घरी तर दोन ओळी. घरी भाकर निवत होती. इथं ऊन होतं, बाया होत्या, घाई करणारं कोणी नव्हतं, तर इथं त्यानं आपलं सगळं मांडून ठेवलं होतं. आणि मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. तांड्याला माहीत होतं.

"मंग भाजी," एक पोरगी म्हणाली नि खुदकन हसून थांबली. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

"काय भाजी?" मी विचारलं.

रुपाबाई जमिनीकडे पाहत होती.

"बोल ना वं. इळा टोचला काय जिभीले?"

"भाजीचे उपकार म्हणत," रुपाबाई म्हणाली. "घरी चुलीपुढं बसून जिनं केली तिचे. म्हणत…" ती थांबली. "राग नका मानू बाई."

"मी राग मानीन का नाई थे मी पाहीन."

"म्हणत, बापा, तिचं तोंड तिखट हाय हे सगळ्यायले माहीत हाय. मन तसं नाई हे आपल्या दोघायलेच माहीत हाय."

झमकाबाई म्हणाली, "नि आमी सगळ्या आमेन म्हनो. जोरात."

पोरी हसल्या नाहीत. मी गंजाचं झाकण उगाच सारखं केलं.

"आन शेवटी थे एसटीचं," रुपाबाई म्हणाली.

"एसटीचं काय?"

"बापा, आमाले दोघायले एका टायमाले त नेशीन नाई तू. तवा जो पहिले चढीन त्यानं दुसऱ्याची जागा धरून ठेवावं. एसटीत खिडकीतून दस्ती, रुमाल टाकून धरते ना, तशी. एवढं करू दे. असं म्हणत. आन मंग आमेन."

बायांनी आमेन म्हटलं. आपोआप म्हटलं, सवयीनं. मग सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

आता हे खोटं होतं. राजूच्या बापानं उभ्या जन्मात एसटीत जागा धरली नाही. वाशीमची प्रार्थना असो की कारंज्याचा बाजार, मालेगावच्या स्टँडवर गाडी लागली की धक्के मारत मी चढायची, मी दस्ती टाकायची, मी दोन बायांशी भांडायची. तो मागून सावकाश यायचा, लोकांना वाट देत, म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर चढवत. मी शिव्या द्यायची. तो येऊन बसायचा नि म्हणायचा, उपकार. मला वाटायचं देवाला म्हणतो.

ह्यावेळी मात्र तो आधी चढला.

पास्टरांनी मला उठण्याचं सांगितलं होतं, स्वर्गाचं, प्रकाशाचं. ते मला दिसत नव्हतं. हे दिसलं. गर्दीतली ती एक जागा. आणि तिच्यावर हात पसरून बसलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी म्हणत असलेला, इथं नाही बसायचं भाऊ, माणूस येऊन राह्यलं माहं. त्याला जमत नसेल. घाबरत असेल. पण हललेला नसेल.

माझं अंग काही एकदम जागं झालं नाही. लोक सांगतात तसं ओझं उतरणं, शांती येणं, यातलं काही झालं नाही. गुडघे दुखायला लागले एवढं कळलं. बरेच दिवस ते दुखले नव्हते. मी खाली बसली. बायांनी पदर घेतले. ट्रॅक्टरचं चाक सोडून राजू माझ्याशेजारी येऊन बसला.

"देवबापा," मी म्हटलं. आवाज भांडणाचाच निघाला, माझ्याकडे दुसरा नाही. "मानूस दिला होता तू. चांगला होता. मी त्याले तसं म्हणलं नाई कधी, मले वाटलं दिसते त्याले. नेला तू. मले पटलं नाई. थे मी तुले तोंडावर सांगतो. पन दिला होता. थे बी मी खोटं नाई म्हणणार." मी जरा थांबली. "उपकार. जागा धरली असंन त धरू दे त्याले. मले घाई नाई, सोयाबीन हाय अजून. ह्या बायायले इळा लागू नको देऊ. रामरावले अक्कल दे."

"आमेन," रामराव म्हणाला, सगळ्यांच्या आधी.

मग बाकीच्यांनी म्हटलं.

ऊन डोक्यावर आलंच होतं. रुपाबाई म्हणाली, आता बसलोच हाय त खाऊन घेऊ, मंग एका दमानं वरची पट्टी काढू. भाकरी उघडल्या. मी भाजी वाढली, वांग्याची. रामरावला वाढली, तो नको नको म्हणत बसला. राजूला वाढली. झमकाबाईनं आपल्या भाकरीतली अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी घास मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला.

भाजीत मीठ नव्हतं.

मी दुसरा घास घेतला. नव्हतंच. तिखट होतं, तेल होतं, वांगी शिजलेली, नि मिठाचा कण नाही. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या खाली मान घालून खात होत्या.

"अवं, मीठ नाई याच्यात!"

कोणी वर पाहिलं नाही.

"रुपाबाई, मीठ नाई भाजीत."

"हाव," रुपाबाई म्हणाली. "कालबी नव्हतं."

"मंग बोलल्या काहून नाई?"

ती घास चावत राहिली. "तुमचा बुढा गेला बाई. मीठ काय मांगाचं?"

मी राजूकडे पाहिलं. तो भाकरीच्या काठाशी खेळत होता. "घरीबी तसंच हाय माय," तो म्हणाला. "माती दिल्यापासून. रंजीता म्हणे, राहू द्या, आई करून राह्यल्या हे काय कमी हाय. आमी ताटात वरून घेतो थोडं, तुमचं लक्ष नसलं की."

म्हणजे मी रोज ती भाजी खाल्ली होती. दोन्ही वेळा. पोटभर खाल्ली होती.

"जा," मी राजूला म्हटलं, "घरून मीठ घेऊन ये."

"राहू द्या बाई," रुपाबाईनं आभाळाकडे पाहिलं. मावळतीकडचा काळा पट्टा वर सरकला होता, वाऱ्यात ओल होती. "त्याच्यात टाइम जाईन. अळणीच खातो, नि लागतो कामाले."

वावरभर शेंगा खुळखुळत होत्या. रुपाबाईनं ताटली पुसून काढली, तोंड धुतलं, इळा उचलला. एकेक करून बाया उठल्या नि तुरीच्या ओळी सोडून वावरात वाकल्या. रामराव जीपवाल्याला परत पाठवायला रोडकडे गेला. आणि मी गंज पुढं ओढून ती अळणी भाजी आणखी एकदा वाढून घेतली.